गल्लीच्या मापाची तार

हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, नवा परवाना हातात आलेला माणूस आधी रेडिओचं विचारतो आणि मग अँटेनाचं. खरं तर क्रम उलटा हवा. रेडिओ पैसे टाकले की मिळतो. जुना मिळतो, चार दिवस उसनाही मिळतो. अँटेना मात्र आपल्याच घराच्या भिंतीला, आपल्याच गच्चीच्या कठड्याला आणि शेजाऱ्याच्या स्वभावाला बांधायचा असतो. म्हणून "सर, सगळ्या बँडवर चालेल असा एकच अँटेना सांगा" असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारतो, घर कुठल्या पेठेत आहे?

थट्टा वाटते, पण नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक, पुढं गल्ली, मागं दुसऱ्याचं परडं. राजारामपुरीच्या गल्ल्या सरळ, नंबरांच्या, पण आता तिथं बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली आणि गच्ची सोसायटीची झाली. कसबा बावड्याच्या टोकाला अजून ऊस दिसतो, तिथल्या माणसाचा मला हेवा वाटतो. आमच्या या छंदात श्रीमंती मोजायची तर ती मोकळ्या आणि सरळ मीटरांत मोजावी.

हॅमच्या बँडांना, म्हणजे आम्हाला बोलायला दिलेल्या लहरींच्या पट्ट्यांना, नावंच लांबीची आहेत. ८० मीटर, ४० मीटर, २०, १५, १०. ही लहरीची लांबी. साधा डायपोल करायचा तर त्याच्या निम्मी तार लागते. १४३ ला मेगाहर्ट्झनं भागायचं, मीटर मिळतात. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण २० मीटर, १४.१५ ला १०, २८.५ ला पाच. ३.६ ला मात्र जवळजवळ ४० मीटर, आणि पेठेत तेवढी सरळ जागा फक्त रस्त्याला असते. मधोमध कापलेला, टीव्हीच्या केबलसारख्या कोॲक्सनं जोडलेला डायपोल हा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक अँटेना. सांगतो तेवढं करतो. पण तो एका बँडचा. पाच बँडांना पाच डायपोल टांगले, तर गल्ली विचारणार, केबलचा धंदा काढला काय?

तारेचं आमच्या घराला नवल नव्हतं. वाल्व्हचा रेडिओ होता तेव्हा माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पितळी जाळीची एक पट्टी ताणलेली असायची, दोन्ही टोकांना चिनी मातीचे गट्टू. वडील रात्री त्यावर सिलोन लावायचे. ४१ मीटरचा तो ब्रॉडकास्ट बँड आणि आमचा ४० मीटरचा बँड डायलवर शेजारी शेजारी आहेत. काटा जरा सरकला की मधूनच कुणाची तरी तुटक बडबड ऐकू यायची आणि वडील वैतागून काटा परत आणायचे. मला त्या बडबडीतच रस होता, पण विचारायची सोय नव्हती.

ऐकायला कुठलीही तार चालते. जाळीची पट्टी चालते, खिडकीचा गजसुद्धा चालतो. पाठवायचं म्हटलं की तार चिकित्सक होते. रेडिओला ५० ओहमचा भार हवा असतो. तो मिळाला नाही तर शक्ती परत फिरते आणि आजचे रेडिओ लगेच हात आखडता घेतात. एकाच तारेनं चार-पाच बँडांवर रेडिओला ५० ओहम दाखवायचे, एवढाच हा सगळा प्रश्न. गेल्या शंभर वर्षांत त्याला डझनभर उत्तरं निघाली. प्रत्येक उत्तर कुठं ना कुठं काहीतरी सोडून देतं. काय सोडलेलं आपल्याला चालेल, हे ज्याचं त्यानं बघायचं.

मला पटलेलं उत्तर मिरजेच्या बाजूनं समजावून घेता येतं. मिरज इथून पन्नासेक किलोमीटर, आणि तंबोरे तिथले. कोल्हापूरच्या माणसाला तंबोरा अनोळखी नाही. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते आणि देवल क्लबात आजही तंबोरे जुळतात. तंबोऱ्याची तार छेडली की ती अख्खी कंप पावते आणि त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही कंप पावते. जाणकार कानाला त्या एका तारेत वरचे स्वर वेगवेगळे ऐकू येतात. २० मीटरची तांब्याची तार अशीच वागते. ७ मेगाहर्ट्झला तिच्यावर एक अर्धी लहर बसते, १४ ला दोन, २१ ला तीन, २८ ला चार. तारेची दोन्ही टोकं मोकळी असल्यानं तिथं विद्युतप्रवाह शून्य आणि दाब सगळ्यात जास्त. बँड कुठलाही असो, टोकाची ही गोष्ट बदलत नाही.

मध्याची बदलते. ७ ला मध्यावर प्रवाह भरपूर, म्हणून डायपोल तिथं कापतात. २१ लाही तसंच, म्हणून ४० मीटरचा डायपोल १५ मीटरवर फुकटात चालतो. पण १४ ला आणि २८ ला नेमक्या त्याच मध्यावर प्रवाह जवळजवळ नसतो, रोध हजारो ओहमांवर जातो आणि कोॲक्स तिथं काहीच करू शकत नाही. मग मध्य सोडा आणि टोकाला जोडा. टोक चारही बँडांना सारखंच वागतं. झेपेलिन ही वायूनं तरंगणारी हवाई जहाजं पोटाखाली जी तार लोंबती सोडत, तिलाही एका टोकानंच शक्ती द्यावी लागे. दुसरं टोक आभाळात, तिथं कोण जोडायला जाणार? त्या वंशातली आजची तार म्हणजे एंड-फेड हाफ वेव्ह, टोकाला जोडलेली अर्ध्या लहरीची तार.

७, १४, २८ असे दुपटीनं चढणारे बँड हौशी लोकांच्या वाट्याला १९२० च्या दशकातच आले होते. २१ मेगाहर्ट्झ १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेत मिळाला. १९७९ च्या परिषदेतून आलेले ३०, १७ आणि १२ मीटरचे बँड मात्र या हिशेबात बसत नाहीत. माझी तार त्यांच्यावर बेसूर आहे आणि मी तिला छळत नाही.

टोकाचा रोध अडीच हजार ओहमच्या आसपास. त्याला ५० वर आणायचं तर ट्रान्सफॉर्मर करून ४९ पट उतरवायला हवं; रोध वेढ्यांच्या प्रमाणाच्या वर्गानं बदलतो, म्हणजे वेढ्यांचं प्रमाण एकास सात. फेराइटची एक कडी घ्यायची, बाहेरचा व्यास २.४ इंच, फेराइटची जात आमच्या भाषेत ४३ मिक्स. तिच्यावर दोन वेढे रेडिओच्या बाजूला, एकूण चौदा तारेच्या बाजूला. वरच्या बँडांसाठी आत १०० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर, जास्त व्होल्टेज सोसणारा. झालं.

फेराइटची कडी पोस्टानं येते. एनॅमल वायरसाठी कोल्हापूरच्या माणसानं पोस्टाची वाट बघायची गरज नाही. इथं प्रत्येक विहिरीवर मोटर आणि प्रत्येक मोटर कधी ना कधी जळणारच, त्यामुळे रिवायंडिंगची दुकानं जागोजाग आहेत. शिवाजी उद्यमनगरात लेथच्या आणि ओतकामाच्या आवाजातून वाट काढत गेलं की असं एक दुकान लागतं. दारात जळलेल्या पाणबुडी मोटरी रांगेनं, आत वार्निशचा वास. तिथल्या मामांच्या हातात मी कडी ठेवली.

"कितीची मोटर?"

"मोटर नाही मामा, रेडिओचं आहे."

"रेडिओला एवढी जाड वायर? स्टेशन चालवतायसा काय?"

एका अर्थी बरोबरच होतं ते. परवान्यावर आमच्या खोपटालाही स्टेशनच म्हणतात. चौदा वेढे ऐकल्यावर त्यांना हसू आलं. त्यांचे हिशेब शेकड्यात. पण कडीवर आधी कापडी टेप गुंडाळली, म्हणाले, "धार लागती, वरचं इनॅमल सोलतंय." वेढे असे घातले की दोन वेढ्यांतलं अंतर पट्टी लावून मोजावं. मधल्या जागी वायर कडीच्या पलीकडं नेऊन उरलेले वेढे तिकडून घ्यायचे असतात, ते मी कागदावर काढून नेलं होतं. त्यांनी कागद एकदाच बघितला. निघताना वहीत माझं नाव लिहिलं. कशाला म्हटलं तर म्हणाले, "जळाल्यावर येशीलाच की."

अजून जळालेलं नाही. शंभर वॉटवर बोलताना डबा कोमट होतो, एफटी ८ या संगणकी संदेशपद्धतीसारख्या सलग चालणाऱ्या प्रकारात चांगलाच तापतो, म्हणून तिथं मी शक्ती तीस वॉटवर ठेवतो. त्या उष्णतेत काही शक्ती वाया जाते, हे मला ठाऊक आहे. चार बँडांची घरपट्टी म्हणून ती मी देतो.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. शंभर वॉट आणि अडीच हजार ओहम म्हणजे जोडणीच्या टोकाला पाचशे व्होल्टच्या आसपास दाब. दुसऱ्या टोकालाही तसाच. आमच्याकडं फाल्गुन-चैत्रात गच्ची माझी राहत नाही, ती कुरडया-सांडग्यांची होते. शेजारच्या काकूंनी तारेकडं बघून "दोरी बरी आहे, जरा खाली घ्या की" म्हटल्यावर मी तिचं टोक पाइपावर आणखी वर चढवलं, हात पोचणार नाही इतकं. वाळवण असेपर्यंत दिवसा प्रसारण बंद. हॅमच्या पुस्तकांत सुरक्षेचे पुष्कळ नियम असतात, पण कुरडया कुठंच नसतात.

माझी तार ज्या दिशेला आहे त्या दिशेला का आहे, याचं उत्तर शास्त्रात नाही. आमची गल्ली दक्षिणोत्तर. घरं एका ओळीत. उत्तरेचं टोक माझ्या पाण्याच्या टाकीच्या स्टँडला बांधलेल्या जीआय पाइपवर, मधलं घर ओलांडून दक्षिणेचं टोक तात्यांच्या गच्चीवर. पूर्वेला गल्ली, तिथं महावितरणच्या तारा; त्यांच्या जवळपास आपली तार कधीही नेऊ नये. पश्चिमेला दुसऱ्याचा जिना. म्हणजे तारेची लांबी मी सूत्रावरून काढली खरी, पण दिशा गल्लीनं ठरवली.

आणि गल्लीनं ती बरी ठरवली. तारेवर जितक्या जास्त अर्ध्या लहरी बसतात तितके तिच्या प्रसारणाचे झोत वाढतात आणि तारेच्या रोखाकडं झुकतात. १४ मेगाहर्ट्झला माझ्या तारेवर पूर्ण लहर बसते, तेव्हा चार झोत निघतात, प्रत्येक तारेशी ५४ अंशांचा कोन करून. तार दक्षिणोत्तर, म्हणजे उत्तरेपासून मोजलं तर ५४, १२६, २३४ आणि ३०६ अंश. मग मी कोल्हापूर मध्याला धरून जगाचा हिशेब केला. नकाशावर पट्टी ठेवून हे जमत नाही, पृथ्वी गोल आहे. पृथ्वीगोलावर दोरा ताणावा किंवा त्रिकोणमितीला बसावं. टोकियो इथून ५८ अंशांवर. सिडनी १२६. जोहान्सबर्ग २२७. लंडन ३२० च्या आसपास, म्हणजे झोताच्या मध्याला नाही पण त्याच्या रुंदीत सहज येतं. नगर वसवणाऱ्या कुणा पूर्वजानं मला विचारून गल्ली आखली असती तरी याहून फार चांगली आखता आली नसती. पूर्व-पश्चिम गल्लीतल्या माणसानं मात्र हिरमुसायचं कारण नाही. त्याचे झोत ३६, १४४, २१६ आणि ३२४ ला पडतात, त्याला लंडन माझ्यापेक्षा चांगलं लागेल, टोकियो थोडं रुसेल.

२८ ला गोष्ट आणखी बदलते. तारेवर दोन पूर्ण लहरी, मुख्य झोत तारेच्या रोखापासून ३६ अंशांवर. मधल्या दिशांना खळगे पडतात आणि त्या खळग्यात सापडलेला देश तुम्ही घसा फोडलात तरी ऐकत नाही. एकच तार चार बँडांवर चालते याचा अर्थ चारही बँडांवर ती एकसारखी चालते असा कधीच होत नाही. ती प्रत्येक बँडवर वेगळा अँटेना असते. हे कळलं की अर्ध्या तक्रारी संपतात.

उरलेल्या अर्ध्या तक्रारी एसडब्ल्यूआरच्या. पाठवलेल्या शक्तीतली किती परत फिरते याचं ते माप, एकास एक म्हणजे काहीच परत नाही. हल्ली नॅनो व्हीएनए नावाचं खिशात मावणारं यंत्र स्वस्तात मिळतं. पूर्वी जे मोजायला प्रयोगशाळा लागायची ते आता गच्चीवर उन्हात उभं राहून दिसतं. उत्तमच झालं. पण त्यामुळे एक पंथ निघाला, आलेखातला खड्डा किती खोल यावर अँटेनाची लायकी ठरवणारा. पन्नास ओहमचा एक रोधक डब्यात घालून जोडा, सगळ्या बँडांवर एसडब्ल्यूआर एकास एक येईल आणि शेजारच्या गल्लीतही आवाज पोचणार नाही. ट्यूनर म्हणजे तार रेडिओशी जुळवून देणारा डबा. "ट्यूनर नको, सगळे बँड, कुठंही लावा" असं म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डब्यांत असाच एखादा रोधक बसलेला असतो. जुनं, पाणी प्यायलेलं कोॲक्ससुद्धा एसडब्ल्यूआर छान दाखवतं, कारण परत येणारी शक्ती वाटेतच जिरते. माझ्या तारेवर १५ मीटरला दोनास एकच्या थोडं वर येतं. येऊ दे. पलीकडचा माणूस मला नीट ऐकतो, त्याच्याकडं माझा एसडब्ल्यूआर दिसत नाही.

जी ५ आर व्ही नावाच्या अँटेनाचं असंच झालं. लुई व्हार्नी नावाच्या इंग्रज हॅमनं १९४६ मध्ये १०२ फुटांची तार आणि तिच्या मध्याखाली खुल्या तारांचा ३४ फुटांचा फीडर (शक्ती तारेपर्यंत नेणारी जोडणी) असा अँटेना केला. जी ५ आर व्ही ही त्याची कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव. २० मीटर बँडला त्यावर तीन अर्ध्या लहरी बसाव्यात हा त्याचा मूळ हेतू. तिथं तो गुणी आहे. बाकीच्या बँडांना ट्यूनर लागतोच. पुढं बाजारानं त्याला सर्व रोगांवरचं औषध करून टाकलं आणि दोष मात्र व्हार्नीच्या नावावर जमा झाले. लोरेन विंडमचं तर त्याहून वाईट. त्यानं १९२९ मध्ये लिहिला तो अँटेना मध्यापासून बाजूला, एकाच तारेच्या फीडरनं जोडलेला. आज विंडम म्हणून विकतात तो एक तृतीयांशावर कापलेला, बॅलन (जोडणीचा ट्रान्सफॉर्मर) आणि कोॲक्स लावलेला प्रकार, त्याचा विंडमशी संबंध फक्त बाजूला कापण्यापुरता.

ट्रॅप डायपोलही आहेच. बुकॅनन या अमेरिकी हॅमनं तो १९५५ मध्ये नावारूपाला आणला, त्याच्या डब्ल्यू ३ डी झेड झेड या कॉल साइननंच तो ओळखला जातो. तारेत दोन्ही बाजूंना कॉइल आणि कपॅसिटरची जोडी, ७ मेगाहर्ट्झला बंद, ३.५ ला उघडी. एकाच तारेत ४० आणि ८० दोन्ही. गणित देखणं आहे. पण गगनबावड्याकडून येणारा आमचा पाऊस चार महिने त्या ट्रॅपमध्ये वाट शोधत असतो, आणि ओला ट्रॅप भलत्याच जागी बंद होतो.

जागा असती तर मी फॅन डायपोल केला असता. गडहिंग्लजकडचा माझा एक मित्र रानात राहतो, त्यानं केला आहे. एकाच फीडरला ४०, २० आणि १० च्या तारांच्या जोड्या, मधे पीव्हीसी पाइपाचे तुकडे घालून वीतभर अंतरावर ठेवलेल्या, दोन नारळांच्या मधे. ज्या बँडवर बोलाल त्याची तार आपोआप काम करते, बाकीच्या बाजूला राहतात. ट्रान्सफॉर्मर तापत नाही, ट्यूनर लागत नाही. मात्र तारा एकमेकींना ओढतात. लांब तार आधी कापून जुळवायची, मग त्याहून आखूड, आणि शेवटची जुळली की पहिली परत बघायची. वारं सुटलं की सगळा सांगाडा पिळ खातो. त्याचा फोन आला की मी आधी विचारतो, तारा सुटल्या काय?

दर हिवाळ्यात पन्हाळ्याच्या पलीकडं मसाई पठारावर आम्ही दोघं-तिघं जातो, ते मुख्यतः शांततेसाठी. शहरात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, सोलरचे डबे, मोबाईलचे चार्जर यांनी मिळून ४० मीटरवर अशी खरखर भरलेली असते की कमजोर स्टेशन त्याखाली गाडली जातात. पठारावर दहा मीटरचा फायबरचा खांब उभा करायचा, त्यावरून तीच २० मीटर तार उलट्या व्हीसारखी सोडायची, बॅटरी जोडायची. रेडिओवरच्या सिग्नल मीटरचा काटा खाली पडून राहतो आणि रिकाम्या वाटणाऱ्या बँडवर माणसं दिसायला लागतात. सूर्यावर डाग वाढले की वरचे बँड दूर पोचतात. सूर्याच्या डागांचं २५ वं चक्र २०२४ मध्ये शिखरावर असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, त्या सुमाराच्या हिवाळ्यात १० मीटरवर पाच वॉटनं युरोप सहज लागत होता. घरी त्याच पाच वॉटला गोवासुद्धा "पुन्हा सांगा" म्हणतो.

घरची तार जमिनीपासून दहा मीटरवर. ४० मीटर बँडच्या हिशेबात ही उंची फार कमी, पाव लहर. एवढ्या खालून शक्ती क्षितिजाकडं जात नाही, सरळ वर जाते आणि आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत खाली पडते. हॅम लोक अशा तारेबद्दल बोलताना ओशाळतात. मला मात्र कोल्हापुरात राहून तिचा अभिमान वाटायला लागला आहे. वरून पडणाऱ्या लहरीला मधला डोंगर दिसत नाही. सकाळी ७ मेगाहर्ट्झवर पुणे, बेळगाव, रत्नागिरी, हुबळी एका सुरात येतात. शाहूवाडीच्या खोऱ्यात बसलेला माणूस व्हीएचएफच्या, म्हणजे सरळ रेषेत जाणाऱ्या आखूड लहरींच्या, हँडसेटवर मिळत नाही, ४० वर मिळतो.

ज्यानं २०१९ चा ऑगस्ट इथं काढला त्याला हे वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याची पातळी आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. त्या वर्षी पंचगंगा पन्नाशी ओलांडून गेली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, दूध-पेट्रोल बंद, कितीतरी भागात वीज नाही आणि टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या की मोबाईल नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा महामार्ग बंद. अशा वेळी टोकियोशी कुणाला बोलायचं असतं? सांगली, सातारा, पुणे हवं असतं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद अंदमानला हौशी केंद्र चालवायला गेल्या होत्या, जगभरच्या हॅमना एक दुर्मीळ ठिकाण मिळावं म्हणून. त्सुनामी आली आणि तेच केंद्र मुख्य भूमीशी निरोप पोचवण्याच्या कामाला लागलं. दूरवर पोचण्याच्या हौशीनं बांधलेली तार ऐन वेळी जवळच्यासाठी वापरता आली पाहिजे, असं मला तेव्हापासून वाटतं.

पण इथंच माझी तार कमी पडते. रात्री आयनांबर विरळ होतं आणि ७ मेगाहर्ट्झची सरळ वर गेलेली लहर त्यातून पार निघून जाते. संध्याकाळनंतर ४० मीटरवर दूरचे देश यायला लागतात आणि सांगली गप्प होते. रात्री जवळ बोलायचं तर ८० मीटर हवा. पूर रात्री वाढतो म्हणून म्हणतो.

त्यावरही तोडगा आहे. २० मीटर तारेच्या शेवटी साधारण ११० मायक्रोहेन्रीची कॉइल जोडायची आणि तिच्यापुढं आणखी दोनेक मीटर तार सोडायची. ७ आणि त्यावरच्या बँडांना कॉइल बंद दारासारखी अडवते, त्यांना तार वीस मीटरचीच वाटते. ३.६ ला मात्र कॉइल लांबीची उणीव भरून काढते आणि तार चाळीस मीटरची असल्यासारखी वागते. बँडचा थोडाच भाग मिळतो, पन्नासेक किलोहर्ट्झ इकडंतिकडं झालं की एसडब्ल्यूआर चढतो. तेवढ्यात भागवता येतं. कॉइल उद्यमनगरच्याच मामांनी गुंडाळून दिली, पीव्हीसी पाइपावर, आणि या वेळी वेढे शेकड्याच्या वर गेल्यानं ते खूश होते.

प्रश्न दोन मीटरचा आहे, कारण ते तात्यांच्या गच्चीच्या नेमक्या त्या भागावरून जातात जिथं त्यांची कबुतरांची ढाबळ आहे. तात्यांनी पहिल्या वेळीच अट घातली होती. तार कबुतरांना दिसली पाहिजे, भरारी घेताना पंख आपटायला नको. म्हणून माझ्या तारेवर ठरावीक अंतरानं नायलॉनच्या पांढऱ्या फिती आहेत. जगातल्या कुठल्याही अँटेनाच्या पुस्तकात तुम्हाला त्या सापडणार नाहीत. वळवाच्या दिवसांत दुपारी आभाळ भरून आलं की तात्या गच्चीवरून हाक मारतात, "तुझी वायर काढलीस काय रं?" मी कोॲक्स काढून खिडकीबाहेर टाकतो. माझी विजेची इशारा यंत्रणा ती.

कॉइल घेऊन गेलो तेव्हा ते दाणे टाकत होते. कॉइल त्यांनी हातात घेतली, वर-खाली करून वजन बघितलं.

"कबुतराएवढी भरती की. आणि ही वर लोंबणार?"

"लोंबणार नाही तात्या, दोरीनं ओढून घेतो."

"रात्री आवाज करती काय?"

"काही नाही."

"मग कशाला लावायलाईस?"

मी पुराचं सांगितलं. ते ऐकून घेतलं, दाण्याची पिशवी गुंडाळली आणि ढाबळीच्या कोपऱ्यातल्या एका जोडीकडं बोट दाखवून म्हणाले, "ती अंड्यावर बसलीया. पिल्लं बाहेर पडू देत, मग चढ वर."